'अप', 'ऑफ', 'विथ' दर वेळी चुकतंय? क्रियापदामागचं शेपूट कुणाचं ते आधी बघा

आमच्या सपोर्ट टीममध्ये दर काही महिन्यांनी नवी मुलं येतात, आणि त्यांनी क्लायंटला लिहिलेल्या मेल बाहेर पडण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. मुलं हुशार असतात. काळ फारसे चुकत नाहीत, स्पेलिंग तर आता मशीनच सुधारतं. एक चूक मात्र अशी आहे की आज दुरुस्त करून द्यावी, तर पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्याच क्रियापदाचा हात धरून परत हजर. आज 'डिस्कस अबाउट', उद्या 'पिक अप यू', परवा 'रिप्लाय मी'. वरवर तीन वेगळे आजार दिसतात, पण मूळ एकच आहे. ते सापडायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

माझी स्वतःची फजिती आधी सांगतो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. मी त्याआधीचा, पाचवीत एबीसीडी गिरवलेला. पहिल्या नोकरीत, रात्रपाळीला, इंग्लंडमधल्या एका क्लायंटचा सर्व्हर सारखा पडत होता. दोन दिवस मी आणि माझा जोडीदार त्यांचे लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या नोंदी, ओळ न् ओळ वाचत बसलो होतो. पहाटे मी मोठ्या अभिमानानं मेल टाकली: 'वुई हॅव ओव्हरलुक्ड युअर लॉग्ज फॉर टू डेज.' मला म्हणायचं होतं, दोन दिवस तुमचे लॉग डोळ्यांखालून घालतोय. वाचणाऱ्याला कळलं, दोन दिवस आम्ही तुमच्या लॉगकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उत्तर अकरा मिनिटांत आलं, सीसीमध्ये मॅनेजरच्या मॅनेजरसकट. हवं होतं 'लुक्ड ओव्हर', किंवा त्याहून बरं, 'गॉन थ्रू'. शब्द तेच दोन. 'ओव्हर' क्रियापदाच्या पुढे बसला की मागे, एवढ्यावर 'तपासलं' आणि 'दुर्लक्ष केलं' ठरत होतं. 'सेट अप' म्हणजे उभारणं, 'अपसेट' म्हणजे उलथवणं. 'होल्ड अप' म्हणजे खोळंबवणं, 'अपहोल्ड' म्हणजे उचलून धरणं.

त्या दिवशी मला वाटलं, ही भाषाच लबाड आहे. पुढे शाळेतलं संस्कृत आठवलं आणि जरा ओशाळलो. एकच 'हृ' धातू: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं भलतीकडे ओढून नेतो, असा श्लोकच आहे. आणि हे उपसर्ग कायम धातूला पुढून चिकटलेलेच होते असंही नाही. ते धातूच्या आधी येतात असं पाणिनीनं सांगितलं, आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत म्हटलं की वेदात ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द ठेवून लांबही राहतात. 'टर्न द लाइट ऑफ' मध्ये 'ऑफ' लांब जाऊन बसतो ते पाहून आपण तोंडात बोट घालतो, पण ही चाल आपल्या घरातही होऊन गेलेली आहे. इंग्रजांनाही याची कल्पना होतीच. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की परकीयांना सगळ्यात जास्त अडचण येते ती क्रियापदामागे लागणाऱ्या या छोट्या शब्दांची.

बिघाड नेमका कुठे आहे

मराठी व्याकरणाच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असायचा. 'तो वर गेला' आणि 'तो माळ्यावर गेला', दोन्हींतल्या 'वर'ची जात ओळखा. पहिल्यात क्रियाविशेषण, दुसऱ्यात शब्दयोगी अव्यय. पहिला 'वर' क्रियापदाचा सोबती, दुसरा नामाला चिकटलेला. आपण दोन गुणांपुरतं पाठ केलं आणि विसरून गेलो. इंग्रजीतला अर्धाअधिक गोंधळ याच दोन गुणांचा आहे.

मराठीत हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण शब्दयोगी आपण नामाला जोडून लिहितो. इंग्रजीत दोघेही सुटेच लिहितात, त्यामुळे कोण कुणाचा ते दिसत नाही. ही दोन वाक्यं बघा: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिला टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यानं हॉटेलात बसून बिल फुगवलं, तो जागचा हललाही नसेल. पहिल्यातला 'अप' टेकडीचा, म्हणजे आपला 'टेकडीवर'. दुसऱ्यातला 'अप' धावण्याचा, क्रियापदाला जोडलेला. मनातल्या मनात मराठी पद्धतीनं चिकटवून बघा: 'रॅन, अप-अ-हिल' आणि 'रॅन-अप, अ बिल'. सगळी दुरुस्ती इथून सुरू होते. माझ्या टीममधल्या मुलांना मी पहिले पंधरा दिवस असंच लिहायला लावतो, कच्च्या कागदावर, मधे आडव्या रेघा मारून. लातूरचा एक जण म्हणाला, "दादा, हे म्हणजे संधी सोडवा सारखं झालं." झालंच. फक्त इथे सोडवायचा नाही, करायचा.

शंका आली तर 'इट' घालून बघा. टेकडीच्या जागी 'इट' टाकला तर 'ही रॅन अप इट'. बिलाच्या जागी टाकला तर 'ही रॅन इट अप'. नामाचा 'अप' नामाच्या पुढ्यातून हलत नाही. क्रियापदाचा 'अप' मात्र सर्वनाम आलं की त्याला मधे घेऊन मागे सरकतो, आणि इथे ते सक्तीचं आहे. 'पिक अप द पार्सल' चालेल, 'पिक द पार्सल अप' चालेल, पण 'पिक अप इट' कधीच नाही. 'आय विल पिक अप यू फ्रॉम स्वारगेट' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता स्वारगेटचं नाव काढलं तरी तेच आठवतं. 'आय विल पिक यू अप.' तसंच 'कॉल मी बॅक', 'टर्न इट ऑफ', 'लुक इट अप'. आणि याच्या अगदी उलट 'लुक ॲट इट', 'लुक आफ्टर हर', 'गेट ओव्हर इट'. इथे मधे कुणी शिरायचं नाही, कारण शेपूट नामाचं आहे.

कानाची परीक्षाही आहे. मोठ्यानं म्हणा: 'पिक इट अप'. जोर 'अप'वर पडतो. आता 'लुक ॲट इट'. 'ॲट' जवळजवळ गिळला जातो. क्रियापदाचं शेपूट ताठ, नामाचं मलूल. लिहिताना नाही जमलं तर ओठ हलवून बघा, ऑफिसात कुणी हसलं तर हसू दे.

दोन शेपटं एकदम आली तर

'रन आउट ऑव्ह', 'कीप अप विथ', 'बॅक आउट ऑव्ह', 'कट डाउन ऑन'. इथे मुलं हात टेकतात, आणि यादी पाठ करायला घेतात. यादी नका करू. पहिलं शेपूट क्रियापदाचं, दुसरं नामाचं, हे जवळपास नेहमीच खरं असतं. 'रन-आउट, ऑव्ह-मिल्क'. 'कीप-अप, विथ-हिम'. पडताळा सोपा आहे: नाम काढून टाका. नामाबरोबर जे जाईल ते नामाचं. दुधाच्या रिकाम्या पिशवीकडे बोट दाखवून 'वुई हॅव रन आउट' म्हटलं तर वाक्य पूर्ण आहे, 'ऑव्ह' दुधाबरोबर गेला. व्यवहारातून माघार घेतली: 'ही बॅक्ड आउट ऑव्ह द डील', आणि नुसतं 'ही बॅक्ड आउट'. तुझ्या वेगानं चालवत नाही: 'आय कान्ट कीप अप विथ यू', आणि दम लागून थांबल्यावर नुसतं 'आय कान्ट कीप अप'.

(इथे 'ऑव्ह' मी मुद्दाम लिहितोय. आपण देवनागरीत दोन्हींना 'ऑफ' लिहितो आणि बोलतोही तसंच. इंग्रजीत नामाच्या मालकीचा तो 'ऑव्ह' आणि सुटण्या-तुटण्याचा तो 'ऑफ', उच्चारही वेगळे. 'टेक द लिड ऑव्ह' असं लिहिलेलं कधी दिसलं तर मूळ हेच.)

आता खरी गंमत. दुसरं शेपूट नामाचं असल्यामुळे ते बदललं की क्रियापद तेच राहून गोष्टच बदलते. 'वॉक आउट ऑव्ह द मीटिंग' म्हणजे मीटिंगमधून उठून बाहेर जाणं. 'वॉक आउट ऑन हिज वाइफ' म्हणजे बायकोला टाकून जाणं. एका अक्षरी चुकीत घटस्फोट. 'कम डाउन विथ फीव्हर' म्हणजे तापानं अंथरूण धरणं, 'कम डाउन ऑन समवन' म्हणजे एखाद्याला फैलावर घेणं. 'मेक अप विथ अ फ्रेंड' म्हणजे भांडण मिटवणं, 'मेक अप फॉर लॉस्ट टाइम' म्हणजे वाया गेलेला वेळ भरून काढणं. आमच्या कामात रोज लागणारं एक: 'फॉलो अप विथ द व्हेंडर ऑन द इनव्हॉइस'. 'विथ' माणसाला, 'ऑन' विषयाला. मराठीत आपण व्हेंडरशी इनव्हॉइसबद्दल बोलतो, अगदी तसंच. 'शी' कुणाला लावायचा आणि 'बद्दल' कशाला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही तोच प्रश्न विचारायचा: कोणाशी? कशाबद्दल?

त्या 'वॉक आउट ऑन' मधल्या 'ऑन'वर जरा थांबतो, कारण तो मला फार आवडतो. 'शी हंग अप ऑन मी', म्हणजे माझं बोलणं चालू असताना तिनं फोन ठेवून दिला. 'माय लॅपटॉप डाइड ऑन मी', लॅपटॉपनं ऐन वेळी मान टाकली. इथे 'ऑन' म्हणजे 'वर' नाहीच. ज्याच्या डोक्याला ताप झाला तो माणूस दाखवायला तो आलाय. हा एकदा लक्षात आला की 'रन आउट ऑव्ह' आणि 'रन आउट ऑन' यांच्यात पुन्हा गल्लत होत नाही. पहिल्यात साखर संपते. दुसऱ्यात नवरा पळून जातो. क्रिकेटमधला रनआउट तिसराच, त्याचा इथे संबंध नाही.

अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं. त्यातून 'विथ' आणि नाम काढलं तर उरलेल्या 'पुट अप'चा सहन करण्याशी काही संबंध राहत नाही. 'डू अवे विथ', 'लुक फॉरवर्ड टु' यांचंही तेच. ही तिळी आहेत, तिघं मिळूनच घरी न्यायची.

'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू'

हे वाक्य मेलच्या शेवटी शंभरात निम्म्या वेळा तरी चुकीचं येतं, असं माझं निरीक्षण. हवं ते 'लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू'. मुलं म्हणतात, 'टु'नंतर तर मूळ क्रियापद येतं ना? येतं, 'आय वाँट टु मीट यू' मध्ये येतं. पण इथला 'टु' त्या जातीचा नाही. हा नामाचं शेपूट आहे: 'लुक-फॉरवर्ड, टु-युअर-रिप्लाय'. त्याच्यापुढे क्रियापद बसवायचं तर आधी त्याचं नाम करावं लागतं.

आपण मराठीत हेच करतो, फक्त लक्षात येत नाही. 'भेट' या क्रियापदाला 'साठी' लावायचा तर 'भेटण्यासाठी'. 'जा'ला 'बद्दल' लावायचा तर 'जाण्याबद्दल'. मधला 'ण्या' आल्याशिवाय शब्दयोगी क्रियापदाला शिवत नाही. इंग्रजीतला तो शेवटचा 'इंग' म्हणजे आपला 'ण्या'. 'टु मीटिंग यू' म्हणजे 'तुम्हाला भेटण्याकडे'. हे सांगितल्यापासून आमच्याकडे ही चूक खरोखर कमी झाली. 'आय ॲम यूज्ड टु वर्किंग ॲट नाइट', 'ही इज थिंकिंग ऑव्ह लीव्हिंग', 'आय ॲम टायर्ड ऑव्ह एक्स्प्लेनिंग', सगळीकडे तोच 'ण्या'.

जास्तीचं शेपूट, राहिलेलं शेपूट

'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइझ ऑन', 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह' (म्हणजे 'आय रिक्वेस्ट फॉर' असं क्रियापद म्हणून), 'एंटर इंटु द रूम'. या चौघांना 'अबाउट', 'ऑन', 'फॉर', 'इंटु' लागत नाहीत. मग आपण का लावतो? मला बराच काळ वाटायचं की 'बद्दल', 'वर' यांचं भाषांतर. ते अर्धंच खरं आहे. खरं कारण असं की मराठी अशी क्रियापदं नामातून घडवते: चर्चा करणं, भर देणं, विनंती करणं, प्रवेश करणं. आपण नामात विचार करतो. आणि इंग्रजीतल्या नामांना ती शेपटं लागतातच: 'डिस्कशन अबाउट', 'एम्फसिस ऑन', 'रिक्वेस्ट फॉर', 'एंट्री इंटु'. नामाचं शेपूट तोडून आपण क्रियापदाला लावतो. तेव्हा तपासणी अशी: क्रियापद वापरताय की नाम? 'वुई हॅड अ डिस्कशन अबाउट द डिले' बरोबर, 'वुई डिस्कस्ड द डिले' बरोबर, दोन्हींची खिचडी चूक. करार करण्यासाठी 'एंटर इंटु ॲन ॲग्रीमेंट' म्हणतात तो अपवाद. तो वकिलांचा, त्यांना ठेवू दे.

उलटी तऱ्हा 'रिप्लाय मी', 'एक्स्प्लेन मी', 'लिसन मी'. याला आपला 'ला' जबाबदार. 'मला सांग', 'मला दे', 'मला समजाव', 'मला उत्तर दे'. एकटा 'ला' सगळी कामं निमूटपणे करतो. इंग्रजीत 'टेल मी', 'गिव्ह मी' चालतं म्हणून आपण तोच न्याय सगळ्यांना लावतो. 'रिप्लाय टु मी', 'एक्स्प्लेन इट टु मी', 'लिसन टु मी', 'वेट फॉर मी'. इथे युक्ती नाही, चार-सहा क्रियापदं आहेत, डोक्यात बसवायची आणि मोकळं व्हायचं.

मग उरतात चुकीची शेपटं. 'अँग्री ऑन मी' कारण माझ्यावर रागावला. 'मॅरिड विथ हर' कारण तिच्याशी लग्न केलं. इंग्रजीत 'अँग्री विथ मी', 'मॅरिड टु हर'. 'डिपेंड ऑन' मात्र आपल्या 'वर अवलंबून'शी तंतोतंत जुळतो, म्हणून तो कुणी चुकत नाही, आणि त्यामुळेच बाकीचेही जुळतील असा भरवसा वाटतो.

'ऑफ द फॅन' आणि घरातले इतर अपघात

मराठीत 'ऑन' आणि 'ऑफ' आपण चक्क विशेषणासारखे घेतले: फॅन ऑन कर, लाइट ऑफ कर, मोबाइल ऑफ झाला. मग 'कर' गाळून इंग्रजी केलं की 'ऑफ द फॅन'. नुसतं शेपूट, धडच नाही. दुसरी वाट 'क्लोज द लाइट', कारण लाइट 'बंद' कर. दार बंद, दुकान बंद, लाइट बंद, आपल्याकडे सगळ्याला एकच कुलूप. इंग्रजीत दाराला 'क्लोज', विजेला आणि नळाला 'टर्न ऑफ'. स्विच असेल तर 'स्विच ऑफ'. झालं.

बस आणि रिक्षा यांचा घोळ जास्त मजेदार. आपण बसमध्ये चढतो आणि रिक्षात बसतो, उतरतो मात्र दोन्हींतून. म्हणून 'गेट डाउन ॲट डेक्कन' सर्रास. भारतात समजतं. इंग्लंडात समजेल, पण जरा विचित्र वाटेल. तिकडे 'गेट ऑफ ॲट डेक्कन'. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, त्यात 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ': एसटी, लोकल, विमान, बोट. जिथे वाकून शिरावं लागतं तिथे 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑव्ह': मोटार, रिक्षा, टॅक्सी. ज्यावर टांग मारतो ते पुन्हा 'ऑन': सायकल, स्कूटर, घोडा. लोकलमध्ये संध्याकाळी सहाला उभं राहता येतं का, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे.

'आय पास्ड आउट इन २०१२' हे वाक्य बायोडेटात हमखास. भारतात याचा अर्थ पदवी घेतली. बाहेर बहुतेकांना कळतं की हा २०१२ साली चक्कर येऊन पडला. ही चूक निराधार मात्र नाही. लष्करी कॅडेट प्रशिक्षण संपवतो त्याला इंग्रज 'पास आउट' म्हणतात, खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होतेच. छावणीबाहेर पडलात की 'ग्रॅज्युएट' लिहा. तसंच 'फिल अप द फॉर्म'. फॉर्म ब्रिटिश 'फिल इन' करतात, अमेरिकन 'फिल आउट' करतात. 'फिल अप' करायची ती पेट्रोलची टाकी, काठोकाठ.

तो 'अप' वर का जात नाही

एक जण मला म्हणाला, 'ईट अप' मध्ये वर काय जातं? मी विचारलं, 'खाऊन टाक' मध्ये काय टाकतोस? तो गप्प झाला, मीही झालो, कारण मलाही ते त्या क्षणीच सुचलं होतं.

विसरून गेलो, पण गेलो कुठेच नाही. बोलून बसलो, उभ्यानंच. मराठी शिकणारा एखादा परदेशी या 'टाक', 'जा', 'बस', 'दे', 'घे' यांच्यापुढे आपल्यासारखाच हैराण होत असणार. मुख्य क्रियापदामागून आलेलं हे दुसरं क्रियापद स्वतःचा अर्थ सोडून फक्त एक छटा देतं: काम पुरतं उरकलं, हातून घडून गेलं, नको ते होऊन बसलं. इंग्रजीतला 'अप' बऱ्याचदा आपल्या 'टाक'चं काम करतो. 'टेअर' म्हणजे फाड, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाक. 'यूज' म्हणजे वापर, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. 'ड्राय अप' म्हणजे पार आटून जाणं. म्हणून 'अप'चं भाषांतर 'वर' करू नका, त्याच्या जागी 'टाक' किंवा 'जा' बसतो का ते बघा. दहातल्या सहा-सात वेळा तरी बसेल. 'गिव्ह अप' तर जुळा भाऊच निघाला: सोडून देणं. तिकडेही 'देणं', इकडेही 'देणं', आणि दोन्हीकडे दिलं काहीच नाही. 'गिव्ह इन' म्हणजे मात्र नमतं घेणं. ते देतात तिथे आपण घेतो.

लॉग इन की लॉगिन

आमच्या धंद्यातली रोजची. 'प्लीज लॉगिन टु द पोर्टल' असं जोडून लिहिलेलं बटणांवरही दिसतं, तरी क्रियापद दोन शब्दांचं आहे: 'लॉग इन'. जोडून लिहिलेलं 'लॉगिन' हे नाम, म्हणजे तुमचं नाव-पासवर्ड. परीक्षा अशी की भूतकाळ करा. 'लॉग्ड इन' होतं, 'लॉगिन्ड' होत नाही. तसंच 'वुई बॅकअप्ड द डेटा' नाही, 'वुई बॅक्ड अप द डेटा'. 'बॅकअप' जोडलेलं तेव्हा ते घेतलेली प्रत. बोलताना नामात जोर 'बॅक'वर, क्रियापदात 'अप'वर. आणि 'लॉग इन टु' मध्ये 'इन' क्रियापदाचा, 'टु' पोर्टलचा, म्हणून 'इंटु' असं जोडायचं नाही, निदान मी जोडू देत नाही. पोर्टल काढा, 'आय हॅव लॉग्ड इन' शाबूत राहतं.

डिक्शनरीत काय बघायचं

विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांमध्ये ही सगळी माहिती एका ओळीत दिलेली असते, पण आपण अर्थ बघून पान उलटतो. क्रियापदाच्या नोंदीत खाली, शेपटांसकट जोड्या दिलेल्या असतात. त्यात 'समथिंग' हा शब्द कुठे बसवलाय ते बघा. 'टर्न समथिंग ऑफ' असं मधे असेल तर ते मधे घेणारं क्रियापद, 'इट' मधेच जाणार. कर्म मधेही आणि शेवटीही चालत असेल तर ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश तिथे दोन तोंडांचा बाण काढतो. 'लुक आफ्टर समबडी' असं शेवटी असेल तर मधे कुणाला घेऊ नका. 'पुट अप विथ समबडी' असेल तर तिळं. नवा शब्द वहीत लिहिताना नुसतं 'टर्न ऑफ' न लिहिता 'टर्न समथिंग ऑफ' लिहायची सवय लावली, तर नंतर मला ती मेल परत पाठवावी लागत नाही.

एवढं करूनही एक चूक माझ्या हाताला लागत नाही: 'कोप अप विथ'. 'कोप'ला 'अप' लागतच नाही. 'कोप विथ द लोड', बस्स. माझा संशय 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' यांच्यावर आहे. दोघांच्या शेजारी राहून त्याला हा 'अप'चा संसर्ग झाला असावा. मी पोस्टर लावलं, नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगितलं, एकदा तर जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा असंही ठरवलं. तीन आठवडे फुकट चहा प्यायलो. मग परवाच्या कॉलवर आमच्या मोठ्या साहेबांनीच क्लायंटसमोर दोनदा 'कोप अप' म्हटलं, आणि त्यांच्याकडे चहा मागायचा कुणी हा प्रश्न आला. तक्रारीचं ते तिकीट मी अजून बंद केलेलं नाही.